ओढता येईल, पण आवरता येईल का? गाडीला साजेशी कॅराव्हॅन निवडताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. ब्रिटनमध्ये राहणारं चौघांचं कुटुंब, मुलं आठ आणि अकरा वर्षांची. दारात दीड लिटरची पेट्रोल हॅचबॅक, तिचं कर्बवेट, म्हणजे सामान न भरलेल्या गाडीचं वजन, १,३४० किलो. डीलरकडे फिक्स्ड बेडची (कायम मांडलेल्या पलंगाची), चौघं झोपतील अशी एक फोर-बर्थ कॅराव्हॅन, म्हणजे गाडीमागे जोडून न्यायचं चाकांवरचं घर (पुढे नुसतं ‘व्हॅन’), मनात भरली आहे, तिचं कमाल वजन १,४८० किलो. गाडीच्या पुस्तकात टोइंग लिमिट, म्हणजे मागे ओढायच्या वजनाची मर्यादा, १,५०० किलो लिहिलंय आणि डीलर म्हणतो, ‘लिमिटच्या आत आहे, बिनधास्त घ्या.’ याआधी कधी काही टो केलेलं नाही. घ्यावी का?

नका घेऊ.

डीलर खोटं बोलतोय असं नाही. तो अर्धंच सांगतोय. टोइंग लिमिट कसं ठरतं ते आधी बघा. गाडी बनवणारी कंपनी व्हॅन जोडून गाडी १२ टक्क्यांच्या चढावर उभी करते आणि जागेवरून निघून दाखवते, पाच मिनिटांत पाच वेळा. इंजिन, क्लच, गिअरबॉक्स एवढं सहन करतात की नाही, हे त्यातून कळतं. पण ताशी ६० मैलांनी मोटरवेवर मोठ्या लॉरीला मागे टाकताना तिच्या हवेच्या झोताने व्हॅनचं शेपूट हललं, तर तुमची गाडी तिला सरळ ठेवील का? त्याचं उत्तर त्या आकड्यात शोधून सापडणार नाही. बैलगाडीचं जे असतं तेच इथे आहे: चढावर बैल ओढतात, खरी परीक्षा उतारावर असते, गाडी बैलांच्या अंगावर येते तेव्हा. ओढणारा हलका आणि मागचा भार जड असेल तर कोण कोणाला चालवतंय हे उतारावर कळतं.

म्हणून दोन वजनांचं प्रमाण बघायचं. व्हॅनचं कमाल वजन भागिले गाडीचं कर्बवेट. तुमचा हिशोब १,४८० भागिले १,३४०, म्हणजे ११० टक्के. ब्रिटनमधली कॅराव्हॅनवाल्यांची दोन मोठी मंडळं, कॅराव्हॅन अँड मोटरहोम क्लब आणि कॅम्पिंग अँड कॅराव्हॅनिंग क्लब, आणि उद्योगाची संस्था नॅशनल कॅराव्हॅन काउन्सिल, तिघंही नवशिक्याला ८५ टक्क्यांच्या आत राहायला सांगतात. हात बसल्यावर १०० टक्क्यांपर्यंत जा, त्याच्या वर कधीच नको. हा कायदा नाही. ८६ टक्के झाले म्हणून कोणी दंड लावत नाही आणि ८४ आहेत म्हणून व्हॅन आपोआप शहाण्यासारखी वागत नाही. पण तुमच्यासारख्या हलक्या पेट्रोल गाडीला आणि पहिल्याच व्हॅनला मी ८५ हीच कमाल मर्यादा मानेन. १,३४० चे ८५ टक्के म्हणजे १,१३९. तुमचा शोध १,१४० किलोच्या आसपास संपला पाहिजे, १,४८० च्या नाही.

इथे कोणतं वजन धरायचं यात बरीच गल्लत होते. व्हॅनच्या दाराजवळ एक प्लेट किंवा स्टिकर असतो, त्यावर दोन मुख्य आकडे असतात. एमटीपीएलएम म्हणजे सामानासकट व्हॅनचं जास्तीत जास्त कायदेशीर वजन. मायरो म्हणजे कारखान्यातून निघाली तेव्हाचं वजन. जाहिरातीत लहान आकडा ठळक छापतात, तो बहुतेकदा मायरो असतो. प्रमाण काढताना नेहमी एमटीपीएलएम धरा. ‘आम्ही कमीच सामान नेतो’ असं प्रत्येक कुटुंब म्हणतं, आणि वजनकाट्यावर प्रत्येक वेळी तेच खोटं ठरतं.

गाडीच्या बाजूला कर्बवेटमध्येही अशीच एक गोम आहे. युरोपीय पद्धतीच्या कर्बवेटमध्ये चालकाचे ७५ किलो आणि टाकीतलं ९० टक्के इंधन धरलेलं असतं, पण काही कंपन्या चालक सोडून आकडा देतात. शिवाय माहितीपत्रकात एकाच मॉडेलचे तीन-चार आकडे असतात. पॅनोरॅमिक सनरूफ आणि मोठी चाकं असलेल्या गाडीचा आकडा साध्या मॉडेलला लावून चालत नाही. शंका असेल तिथे लहान आकडा धरा. तुमच्या गाडीच्या व्ही५सी लॉगबुकमध्ये, म्हणजे नोंदणीच्या कागदात, ‘जी’ या रकान्यात मास इन सर्व्हिस (चालू स्थितीतलं वजन) असतं. त्याच कागदावर ओ.१ मध्ये ब्रेकवाल्या ट्रेलरचं आणि ओ.२ मध्ये बिनब्रेकच्या ट्रेलरचं कमाल वजन असतं. सेकंडहँड गाडी घेणाऱ्यांनी ओ.१ आधी वाचावं. तो रकाना कोरा असेल तर गाडीच्या पुस्तकात आणि प्लेटवर खात्री केल्याशिवाय टोबार, म्हणजे मागे व्हॅन जोडायचा दांडा, बसवायला जाऊ नका, कारण काही गाड्यांना टो करायची मान्यताच नसते.

मग गाडीची व्हीआयएन प्लेट, म्हणजे ओळख क्रमांक आणि वजनं लिहिलेली पट्टी, शोधा, बहुधा चालकाच्या दाराच्या खांबावर किंवा बॉनेटखाली असते. तिच्यावर एकाखाली एक चार वजनं असतात: भरलेल्या गाडीचं कमाल वजन, गाडी अधिक व्हॅन मिळून कमाल वजन, पुढच्या अ‍ॅक्सलचं, मागच्या अ‍ॅक्सलचं. दुसऱ्यातून पहिलं वजा केलं की भरलेल्या गाडीमागे किती ओढता येईल ते निघतं. समजा पहिलं १,८६० आणि दुसरं ३,३६०, तर उरले १,५००, पुस्तकाशी जुळलं. पण दुसरा आकडा ३,२०० असेल तर? मग चौघं बसून डिकी गच्च भरलेल्या गाडीमागे १,३४० च उरतात, पुस्तक काहीही म्हणो. एकत्रित वजन ओलांडलं की तो सरळसरळ गुन्हा असतो. ८५ टक्क्यांसारखा सल्ला नव्हे. अपघात झाला तर विमा कंपनीही आधी हीच प्लेट वाचते.

एकाच नावाच्या दोन गाड्यांची क्षमता किती वेगळी असू शकते, याचं माझं आवडतं उदाहरण म्हणजे २०१९ नंतरची टोयोटा रॅव्ह४ हायब्रिड. दोनचाकी ड्राइव्हची असेल तर टोइंग लिमिट ८०० किलो, चारचाकी ड्राइव्हची असेल तर १,६५०. बाहेरून दोन्ही सारख्याच. मित्राची रॅव्ह४ व्हॅन ओढते म्हणून आपली ओढेल, या समजुतीवर लोक डिपॉझिट देऊन मोकळे होतात.

इलेक्ट्रिक गाड्यांचं गणित उलटं असतं. बॅटरीमुळे त्या मुळातच जड, त्यामुळे ८५ टक्क्यांचा हिशोब मोठा आकडा दाखवतो, पण कंपनीने दिलेलं लिमिट त्याच्या आतच संपतं. टेस्ला मॉडेल ३ ला १,००० किलोच ओढता येतात. मॉडेल वायला १,६००. अशा गाडीत प्रमाण बघत बसू नका, आधी लिमिट बघा. चालवायला त्या सुरेख असतात, जागेवरून टॉर्क मिळतो, वजन खाली असतं. मात्र व्हॅन मागे लागली की रेंज साधारण निम्म्यावर येते आणि बहुतेक चार्जिंगच्या जागा व्हॅनसकट घुसता येईल अशा नसतात. व्हॅन सोडा, चार्ज करा, पुन्हा जोडा. सुट्टीत हे कितीदा करायची तयारी आहे ते ज्याचं त्याने ठरवावं.

तुमच्या इंजिनाबद्दल म्हणाल तर आजच्या टर्बो पेट्रोलला कमी आरपीएमवर बऱ्यापैकी टॉर्क असतो, १,१४० किलो ती आनंदाने ओढेल. लांब चढावर एक गिअर खाली टाकावा लागेल आणि पेट्रोल ढसाढसा पिईल, एवढंच. ड्युअल-क्लच ऑटोमॅटिक असेल तर चढावर इंचाइंचाने मागे घेताना क्लच तापतो, तिथे थोडं थांबत, धीराने घ्या.

आता पेलोड. माझ्या मते कॅराव्हॅन विकत घेताना सगळ्यांत कमी वेळ दिला जातो तो या गोष्टीला, आणि रस्त्यावर सगळ्यांत जास्त नडते तीही हीच. एमटीपीएलएममधून मायरो वजा केला की उरतो तो तुमच्या सामानाचा वाटा. आकडे घेऊन बघू. समजा व्हॅनचा एमटीपीएलएम १,२०० आणि मायरो १,०५२. पेलोड १४८ किलो. चौघांना पुरेसा वाटतो ना? आता ड्राइव्हवेवर सामान मांडा आणि हातात सामान तोलायचा हुकवाला काटा घ्या. मोटर मूव्हर, म्हणजे रिमोटवर व्हॅन हलवणारी यंत्रणा, साधारण ३० किलो. लेड-अ‍ॅसिडची लीझर बॅटरी (आतले दिवे-पंप चालवणारी) २२. ऑनिंग (व्हॅनला जोडायचा तंबू), खांब, खुंट्या आणि जमिनीवरची चटई मिळून २८. स्टेपनी, कंपनीने दिली नसेल तर, १८. बाहेरचा पाण्याचा पिंप आणि सांडपाण्याचा डबा, दोन्ही रिकामे, मिळून ९. व्हील लॉक ९. २५ मीटरची विजेची (मेन्स) केबल ५. झाले १२१. उरले २७ किलो, आणि अजून एकही चादर, एकही भांडं, एकही कपडा आत गेलेला नाही. आपल्या घरांत त्यात कुकर, पोळपाट-लाटणं आणि आठवड्याचं पीठ-तांदूळ हमखास येतंच.

त्यात भर म्हणजे मायरो हा ठोकताळा असतो. उत्पादनात पाच टक्के इकडेतिकडे व्हायला परवानगी आहे. १,०५२ चे पाच टक्के म्हणजे जवळपास ५३ किलो. तुमच्या वाट्याला जड नमुना आला तर पेलोडचा तिसरा हिस्सा तुम्ही दार उघडण्याआधीच संपलेला असतो. शिवाय मायरोमध्ये गॅस सिलिंडर आणि हीटरमधलं पाणी धरलंय की नाही, हे प्रत्येक कंपनीचं वेगळं. डीलरला हाच प्रश्न विचारा. तो कागद उघडून उत्तर देतो की ‘धरलं असेल’ म्हणतो, त्यावरून पुढचे प्रश्न किती बारकाईने विचारायचे ते कळेल.

यावर उपाय आहेत. ऑनिंग गाडीत घ्या, तिथे बहुधा वजनाला जागा शिल्लक असते. लिथियम बॅटरी घेतली तर वजन जवळजवळ निम्मं होतं. घरासमोर सपाट जागा असेल आणि दोघंजण हाताने ढकलू शकत असाल तर १,१०० किलोच्या व्हॅनला मूव्हर लागतोच असं नाही. पाण्याची टाकी आतली असेल तर ती प्रवासात रिकामी ठेवा, ४० लिटर म्हणजे ४० किलो. आणि काही कंपन्या ठरावीक मॉडेलना थोडे पैसे घेऊन वाढीव एमटीपीएलएमची नवी प्लेट देतात, कारण खालचा चासी मुळातच जास्त वजनाचा असतो. ही सोय चांगली, पण प्लेट वाढली की प्रमाणही वाढतं. तुमच्या बाबतीत १,१३० ची १,२०० करून घेण्यात फार अर्थ नाही.

वजन किती याइतकंच वजन कुठे, हे महत्त्वाचं. व्हॅनचा पुढचा दांडा टोबॉलवर, म्हणजे टोबारच्या टोकाच्या गोळ्यावर, जो दाब देतो त्याला नोजवेट म्हणतात. भरलेल्या व्हॅनच्या पाच ते सात टक्के तो असावा. १,१३० किलोच्या व्हॅनला ५७ ते ७९ किलो. आता तुमच्या गाडीचं नोजवेट लिमिट बघा. अशा हॅचबॅकना ७५ किलोचं लिमिट सर्रास आढळतं. टोबारचं स्वतःचं लिमिट असतं आणि व्हॅनच्या कपलिंगचंही (टोबॉलवर बसणाऱ्या जोडाचं), बहुतेकांना १०० किलो. तिघांत जे सर्वांत कमी ते तुमचं. मनात भरलेल्या १,४८० च्या व्हॅनला ७४ ते १०४ किलो हवेत. म्हणजे तुमच्या गाडीचं लिमिट ७५ च असेल तर तिथे व्हॅन पहिल्या पायरीवरच अडते. नोजवेट कमी ठेवून भागवू म्हणाल तर शेपूट जड होतं, आणि शेपूट जड असलेली व्हॅन झुलायला निमित्तच शोधत असते. शिवाय नोजवेट गाडीच्या मागच्या अ‍ॅक्सलवर येतं आणि गाडीच्या भरलेल्या वजनातही मोजलं जातं, हे डिकी भरताना लक्षात ठेवा.

मोजायला नोजवेट गेज मिळतो, स्वस्त असतो. नसेल तर बाथरूमचा वजनकाटा जमिनीवर ठेवून योग्य लांबीच्या लाकडी ठोकळ्यावर कपलिंग हेड टेकवा. व्हॅन सपाट, दांडा टो करताना असतो त्याच उंचीला, चाकांना अडसर लावलेले आणि हँडब्रेक सोडलेला. मग आतलं सामान पुढे-मागे सरकवून आकडा जुळवा. जड सामान अ‍ॅक्सलच्या वर, जमिनीलगत. हलकं वरच्या कपाटात. मागच्या टोकाला किंवा सायकल रॅकवर वजन नको. पुढे दहा आणि मागे दहा किलो टाकून नोजवेट तेवढंच राहील, पण दोन्ही टोकं जड झालेली व्हॅन एकदा झुलायला लागली की थांबायला जास्त वेळ घेते. म्हणून नुसता नोजवेटचा आकडा जुळला म्हणजे काम झालं असं नाही.

व्हॅनची आतली रचना इथे कामी येते. शोरूममध्ये लोक गादीवर बसून बघतात, मी आधी स्वयंपाकघर, बाथरूम आणि अ‍ॅक्सल कुठे आहे ते बघतो. फ्रिज, ओव्हन, सिंक ही जड मंडळी अ‍ॅक्सलच्या आसपास असलेली उत्तम. मागच्या टोकाला अख्खं बाथरूम असलेल्या व्हॅन राहायला छान, पण भरताना जास्त काळजी मागतात. फिक्स्ड बेडचा मोह मला समजतो, रोज रात्री पलंग मांडायचा वैताग नाही. पण त्या पलंगासाठी व्हॅनची लांबी वाढते आणि लांबीबरोबर वजन. तुमच्या घरातली मुलं आठ आणि अकरा वर्षांची. तुम्ही मागे दोन बंक (एकावर एक अरुंद पलंग) आणि पुढे बैठकीचा डबल बेड अशी छोटी फोर-बर्थ बघा. बंक असले की मुलांना लवकर झोपवता येतं आणि मोठ्यांना बसायला जागा उरते. बंकची वजनमर्यादा आणि लांबी मात्र तपासा, अकरा वर्षांचं मूल तीन वर्षांत कुठल्या कुठे जातं.

१,१४० च्या आत नव्या फोर-बर्थ फार नसतात, हे मान्य. सेकंडहँडमध्ये निवड वाढते, कारण जुन्या हलक्या व्हॅनवर आजच्याइतका सरंजाम लादलेला नसायचा. एरिबा टूरिंगसारख्या छप्पर वर उघडणाऱ्या व्हॅन प्रवासात बुटक्या होतात, वारा कमी अडवतात आणि छोट्या गाडीला फार आवडतात. चौघांना त्या अडचणीच्या होतील, पण मुलं ऑनिंगमधल्या तंबूत झोपायला तयार असतील तर दोन बर्थची हलकी व्हॅन हाही वाईट सौदा नाही. वाऱ्याचा मुद्दा वजनाइतकाच खरा आहे. उंच, चौकोनी तोंडाची व्हॅन तेवढ्याच वजनाच्या बुटक्या व्हॅनपेक्षा जास्त इंधन खाते आणि पुलावर जास्त ढकलली जाते.

सेकंडहँड घेताना ओल हा पहिला शत्रू. ओल मोजायच्या मीटरवर १५ टक्क्यांपर्यंत चिंता नाही, १५ ते २० मध्ये लक्ष ठेवा, २० च्या वर कुठून पाणी शिरतंय ते शोधायलाच हवं, ३० च्या पुढे आतला सांगाडा कुजलेला असण्याची शक्यता मोठी. खिडक्यांचे कोपरे, छताच्या कडेची पट्टी, पुढच्या लॉकरचा तळ, इथे बोटाने दाबून बघा. मऊ लागलं की किंमत कितीही आकर्षक असो, निघा. २००९ मध्ये बेलीने अलू-टेक नावाची अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्यांनी बाहेरून आवळलेली रचना आणली, नंतर इतरांनीही लाकूड कमी केलं. जुन्या लाकडी सांगाड्याच्या व्हॅन वाईट नसतात, फक्त त्यांची निगा कोणी राखली याचे कागद हवेत. टायरला नक्षी भरपूर दिसते म्हणून फसू नका. कॅराव्हॅनचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात. पाच वर्षांनी बदला, सात वर्षांच्या पुढे वापरू नका. वय टायरच्या बाजूवरच्या चार अंकांत असतं, आधी आठवडा मग वर्ष. १९९२ पासूनच्या ब्रिटिश व्हॅनच्या काचांवर १७ अंकी-अक्षरी क्रमांक कोरलेला असतो. तो चासीवरच्याशी जुळवून क्रिस या कॅराव्हॅनच्या नोंदणीत तपासा, चोरीची किंवा कर्ज थकलेली व्हॅन गळ्यात पडायला नको.

लायसन्सचं फार वाढवत नाही. १६ डिसेंबर २०२१ पासून ग्रेट ब्रिटनमध्ये साध्या कार लायसन्सवर ३,५०० किलोपर्यंतचा ट्रेलर ओढता येतो, वेगळी परीक्षा लागत नाही. इंटरनेटवरचा जुना सल्ला त्याआधीचा असतो, घाबरू नका. उत्तर आयर्लंडला हा बदल लागू नाही. व्हॅन गाडीपेक्षा रुंद असेल, आणि ती असतेच, तर दोन्ही बाजूंना जोड-आरसे लावायचे. नसतील तर १,००० पौंडांपर्यंत दंड आणि लायसन्सवर तीन पॉइंट. वेग: मोटरवे आणि ड्युअल कॅरेजवेवर (दुभाजकाच्या रस्त्यावर) ताशी ६० मैल, साध्या रस्त्यावर ५०. तीन किंवा जास्त लेनच्या मोटरवेवर सगळ्यांत उजवी लेन तुमची नाही.

‘स्टॅबिलायझर आहे की, मग प्रमाण कशाला बघायचं?’ असं विचारणारे मला नेहमी भेटतात. अल-को कंपनीची ३००४ ही स्टॅबिलायझर हिच (व्हॅनच्या पुढची जोडणी) टोबॉलला घर्षणपट्ट्यांनी घट्ट धरते आणि छोटी झुलणी दाबते. एटीसी ही इलेक्ट्रॉनिक यंत्रणा असेल तर व्हॅन वेडीवाकडी व्हायला लागताच तिचे ब्रेक थोडे दाबले जातात. दोन्ही चांगल्या सोयी, शक्य तर दोन्ही असलेली व्हॅन घ्या. पण त्या चुकलेल्या जोडीवर इलाज नव्हेत. फक्त वाईट लक्षण लपून राहतं आणि ते जरा जास्त वेगाला उघडं पडतं. ३००४ असेल तर टोबॉल कोरडा आणि स्वच्छ हवा. नव्या टोबॉलवरचा रंग घासून काढा, ग्रीस अजिबात लावू नका. या हिचला लांब मानेचा टोबॉल लागतो, टोबार बसवतानाच सांगा.

आणि व्हॅन झुलायला लागलीच तर अ‍ॅक्सलरेटरवरून पाय काढा, स्टिअरिंग सरळ धरा, वेग आपोआप उतरू द्या. ब्रेक जोरात दाबायचा नाही, उलट्या बाजूला स्टिअरिंग मारून सरळ करायलाही जायचं नाही. त्यातून बाहेर पडल्यावर पहिल्या थांब्यावर नोजवेट आणि सामान तपासा. पहिल्या सहलीआधी सगळं भरून सार्वजनिक वेब्रिजवर (वाहनं तोलायच्या काट्यावर) एकदा जा. व्हॅनची चाकं, मग गाडीची, मग दोन्ही मिळून तोलून पावती घ्या. घरच्या अंदाजापेक्षा व्हॅन हलकी निघालेलं कुटुंब मी पाहिलेलं नाही.

राहता राहिली ती १,४८० ची व्हॅन. तिच्यावरच जीव जडला असेल तर गाडी बदलावी लागेल. १,४८० ला ८५ टक्क्यांत बसवायला साधारण १,७४० किलो कर्बवेटची गाडी हवी, नोजवेट लिमिट ९० ते १०० चं आणि शक्यतो टॉर्कवालं डिझेल. मोठी इस्टेट (लांब डिकीची गाडी) किंवा मध्यम एसयूव्ही त्यात बसते. इस्टेट मला जास्त भावते, चाकांमधलं अंतर लांब आणि बांधा खाली, त्यामुळे मागचा भार तिला कमी हलवतो. पण मग क्रम पाळा: आधी गाडी, तिच्या प्लेटवरचे चार आकडे आणि ओ.१ हातात, मग व्हॅन. गाडी बदलायचा विचार दोन वर्षांनंतरचा असेल तर आत्ता १,१०० च्या आसपासची सेकंडहँड बंकवाली घ्या आणि एखाद्या क्लबचा व्हॅन मागे घ्यायचा दिवसभराचा वर्ग करा. हलक्या, नीट राखलेल्या व्हॅनला गिऱ्हाईक लवकर मिळतं, विकताना फारसं नुकसान होणार नाही. डीलरला आज फोन करून एवढंच विचारा: एमटीपीएलएम १,१४० च्या आत, पेलोड किमान १३०, बंक दोन. तो पुन्हा त्याच १,४८० कडे वळवायला लागला तर दुसरा डीलर बघा.